पद्यनाटकाच्या ब्रेल प्रतीत ओळक्रमांक चिकटतात, सरकतात, हरवतात: कारणं आणि उपाय

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते: "प्रत वाचता येते, पण वर्गात उपयोग होत नाही." बाई म्हणतात ओळ पस्तीस काढा, सगळे काढतात, आणि ब्रेल प्रत घेऊन बसलेली मुलगी पानाची उजवी कड चाचपत राहते. तिच्या प्रतीत पस्तिसाचा आकडा दोन ओळी खाली तरी घसरलेला असतो, नाहीतर शेवटच्या शब्दाला असा चिकटलेला असतो की तो आकडा आहे हे बोटाला उमगतच नाही.

गोव्यात हा प्रश्न दोन ठिकाणांहून येतो. एक कॉलेज: इंग्रजीला शेक्सपिअर लागला किंवा मराठीला एखादं काव्यनाट्य लागलं की "ओळी 40 ते 55 यांचं रसग्रहण करा" हा प्रश्न ठरलेला. दुसरं ठिकाण म्हणजे आपली उत्सवाची नाटकं. देवळाच्या मंडपात तालीम चालू असते, दिग्दर्शक "चाळीसपासून परत घ्या" म्हणतो, प्रॉम्प्टरच्या हातात छापील संहिता आणि न दिसणाऱ्या नटाच्या मांडीवर ब्रेल. दोघांचा चाळीस एकच नसेल तर तालीम तिथेच अडते.

खाली लिहिलेल्या मांडणीत जिथे "आम्ही" आहे तिथे तो आमच्या कामातला नियम समजावा. तुमच्या संस्थेची नियमपुस्तिका असेल तर सेलचे (सेल म्हणजे ब्रेलचं एक चिन्ह मावतं ती सहा ठिपक्यांची जागा) आकडे तिथून घ्या. कारणं मात्र सगळीकडे सारखीच आहेत.

आकडा शब्दाला चिकटतो

मराठीत हा दोष सगळ्यात घातक आहे, आणि इंग्रजीचे नियम वाचून काम करणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेल लिपीत, "ण" म्हणजे सेलमधले 3-4-5-6 या क्रमांकांचे ठिपके. आकड्यांच्या आधी येणारं अंकचिन्हसुद्धा 3-4-5-6. एरवी यात काही बिघडत नाही, कारण मराठीत शब्द "ण"ने सुरू होत नाही. मोकळ्या सेलनंतर हे चिन्ह आलं की आकडा, शब्दाच्या पोटात आलं की "ण", असं बोट आपोआप ठरवतं. मधला मोकळा सेल गेला की हा निवाडा उलटा होतो.

आता पुढचा भाग. आकडे लिहायला जी चिन्हं वापरतात तीच अक्षरांचीही असतात: 1 म्हणजे अ, 2 म्हणजे ब, 3 म्हणजे च, 4 म्हणजे द, 5 म्हणजे ए. मराठीत व्यंजनानंतर आलेला ए म्हणजे त्या व्यंजनाची मात्रा. म्हणजे शब्दाला चिकटलेला 5 हा "णे" वाचला जातो. "कर" ला 5 चिकटला की "करणे". "दे" चं "देणे", "घे" चं "घेणे", "जा" चं "जाणे".

एक ओळ घेऊ, भुजंगप्रयातातली:

मला हात दे तू, जरासा पुढे ये

नाटकात ही पाचवी ओळ आहे आणि समोर 5 छापलाय. सेल मोजा: अक्षरं, मात्रा आणि स्वल्पविराम मिळून 22, मोकळ्या जागा 6, एकूण 28. संवाद तिसऱ्या सेलपासून सुरू केला तर ओळ तिसाव्या सेलवर संपते. ए-फोर कागदावर रुंदी 32 सेलची ठेवली असेल तर उरले 31 आणि 32, आणि अंकचिन्ह व 5 मिळून जागा लागते नेमकी दोन सेलची. आकडा उजव्या कडेला नीट बसतो, कागदावर छान दिसतो, आणि वाचणारी वाचते: "जरासा पुढे येणे". जुन्या पत्रांतली आज्ञा अशीच असते, त्यामुळे तिला खटकतही नाही.

यातली खरी अडचण ही की नेहमीच्या तपासण्यांत हे सापडत नाही. ब्रेल फाइल उलटी देवनागरीत आणून डोळस माणसाला वाचायला दिली तरी तो "येणे" वाचून पुढे जाणार. शुद्धलेखन तपासणीलाही "येणे" मान्य. 15 किंवा 25 चिकटला तर "येणए", "येणबे" असं काहीतरी विचित्र निघतं आणि पकडलं जातं. पण प्रत्येक प्रवेशात क्रमांक पुन्हा 1 पासून सुरू होत असतील तर प्रत्येक प्रवेशात एक 5 असतोच, आणि संवादाच्या शेवटी आज्ञार्थी क्रियापद नाटकात जितकं येतं तितकं दुसरीकडे कुठे येणार? 35 चा "णचे" होतो, तोही "नको"ला चिकटून "नकोणचे" झाला की वाचणारा दोनदा बोट फिरवतो.

इंग्रजीत जुन्या पद्धतीत हेच चिन्ह शब्दाच्या आत "बल" (ble) या अक्षरगटाच्या संक्षेपासाठी वापरत. युनिफाइड इंग्लिश ब्रेल या नव्या इंग्रजी पद्धतीने तो संक्षेप काढून टाकला, त्यामुळे त्यांच्या नियमांत या धोक्याचा इशारा शोधून सापडणार नाही. आपला "ण" कुठे जाणार नाही. जागा आपणच सोडायची.

आकडा चिकटतो कुठून, तर बहुतेक वेळा पीडीएफमधून. छापील पुस्तकात क्रमांक समासात वेगळा बसवलेला असतो. मजकूर उचलला किंवा ओसीआर केला (पानाच्या चित्रातून यंत्राने अक्षरं ओळखली) की तो ओळीच्या शेवटी येऊन पडतो, कधी एका जागेने, कधी जागाच नाही. दुसरं कारण वर्डमधला उजवा टॅब. ओळ लांब झाली की टॅबला सरकायला जागा उरत नाही. स्क्रीनवर बारीकशी फट दिसते, ब्रेलमध्ये तिचं काय होईल ते तुमच्या सॉफ्टवेअरच्या मर्जीवर.

उपाय दोन टप्प्यांत. ब्रेल करण्याआधी देवनागरी फाइलमधले समासातले सगळे क्रमांक काढून टाका, एकही ठेवू नका. मग फाइलभर अंक शोधा. जो सापडेल तो संवादातलाच आहे ना, हे डोळ्यांनी बघा. क्रमांक सगळ्यात शेवटी, ब्रेल तयार झाल्यावर घालायचे. उलट क्रमाने काम केलं की क्रमांक मजकुराचा भाग होतो आणि मजकुराबरोबर वाहत जातो.

उजवीकडची पट्टी

क्रमांकासाठी जागा आधी राखून ठेवावी लागते, उरेल तिथे घालून चालत नाही. तीन आकडी क्रमांकाला चार सेल लागतात, एक अंकचिन्ह आणि तीन आकडे. त्याच्या आधी दोन सेल पूर्ण मोकळे. म्हणजे उजवीकडचे सहा सेल मजकुराने कधीच वापरायचे नाहीत, त्या ओळीला क्रमांक असो वा नसो. 40 सेलच्या पानावर मजकूर 34 व्या सेलला थांबतो, 32 च्या पानावर 26 व्या. सॉफ्टवेअरमध्ये रुंदीच 34 किंवा 26 ठरवून भाषांतर (देवनागरीचं ब्रेल) करा, पट्टी आपोआप मोकळी राहते. काही नाटकांत क्रमांक प्रवेशाप्रमाणे न मोडता संपूर्ण नाटकभर सलग असतात आणि चार आकडी होतात. तिथे सातवा सेल राखा.

एकच मोकळा सेल का नाही? नियमाने एकही पुरतो, कारण त्यानंतरचं चिन्ह आकडाच ठरतं. पण क्रमांक शोधणारं बोट ओळ वाचत येत नाही, ते कडेवरून वरून खाली सरकत येतं. एका सेलची फट दोन शब्दांमधल्या फटीसारखीच लागते. दोन सेलची फट लागली की बोटाला कळतं की मजकूर संपला.

पट्टीचा एक दुष्परिणाम आहे आणि तो टाळता येत नाही: ओळी मोडतात. वरची 28 सेलची ओळ 40 च्या पानावर एका ओळीत बसते, 32 च्या पानावर आता "जरासा" नंतर तुटणार. आपली वृत्तं तर लांबच. शार्दूलविक्रीडिताची 19 अक्षरं, त्यात मात्रा, जोडाक्षरांच्या आधी येणारं हलन्ताचं चिन्ह आणि मोकळ्या जागा धरल्या की सहज 45 सेल होतात. मराठी ब्रेलमध्ये इंग्रजीसारखे संक्षेप नसतात, त्यामुळे ओळ आखडून घेण्याची सोयही नाही. अशा नाटकात जवळजवळ प्रत्येक ओळ दोन ब्रेल ओळींची होते. मग बोटाला दोन गोष्टी वेगवेगळ्या कळायला हव्यात: नवी पद्यओळ कुठे सुरू झाली आणि जुनीचाच उरलेला भाग कुठला. आम्ही पात्राचं नाव पहिल्या सेलपासून, वेगळ्या ओळीवर ठेवतो, पद्यओळ तिसऱ्या सेलपासून आणि तिचा उरलेला भाग पाचव्यापासून. क्रमांक पद्यओळीच्या पहिल्या ब्रेल ओळीसमोर असतो, उरलेल्या भागासमोर नाही. उजवीकडे आकडा सापडला की त्याच ओळीवर डावीकडे गेल्यावर सुरुवात मिळाली पाहिजे, नाहीतर "पुढे ये" पासून वाचायला लागायचं.

आकडा एकटाच डाव्या कडेला येतो

हे लक्षण दिसलं तर मजकूर तपासत बसू नका. फाइल 40 सेलची आणि एम्बॉसरमध्ये (ब्रेल छापण्याच्या यंत्रात) ए-फोर, एवढंच झालेलं असतं. ब्रेल सेलचं अंतर साधारण 6 मिलिमीटर असतं आणि ते ठरलेलं असतं, कागद लहान म्हणून अक्षर लहान करता येत नाही. ए-फोरची रुंदी 210 मिलिमीटर, म्हणजे कडेपासून कडेपर्यंत 35 सेल, समास सोडले की 30 ते 32. चाळिसातलं उरलेलं शेपूट पुढच्या ओळीवर जातं आणि त्या शेपटातच आपला क्रमांक असतो. रुंदी बदलून पुन्हा भाषांतर करण्याला पर्याय नाही. हातात आलेल्या फाइलची रुंदी माहीत नसेल तर ती नोटपॅडमध्ये उघडून सगळ्यात लांब ओळ मोजा.

आकडे सरकत जातात

पहिला प्रवेश बरोबर, दुसऱ्यात एकाचा फरक, चौथ्यापर्यंत सातचा. असं दिसलं की सॉफ्टवेअरने स्वतः ओळी मोजल्यात हे नक्की. यंत्र मोजतं कागदावरच्या ओळी, आपल्याला हव्यात पद्यओळी. फरक पडतो मुख्यतः वाटून घेतलेल्या ओळींमुळे:

नावाडी: कुठे चालला तू?
वाटसरू: घराला.
नावाडी: अता का?

ही एक ओळ आहे. तिन्ही तुकडे जोडून म्हणा, भुजंगप्रयाताची बारा अक्षरं पुरी होतात. छापील पुस्तकात दुसरा तुकडा पहिल्याच्या शेवटाखालून आणि तिसरा दुसऱ्याच्या शेवटाखालून सुरू होतो, डोळ्याला ती पायरी दिसते. वर्डच्या फाइलमध्ये ती पायरी म्हणजे नुसत्या मोकळ्या जागा, आणि भाषांतरात त्या उडून जातात. उरतात तीन स्वतंत्र ओळी, क्रमांक दोनाने पुढे. आमच्या मांडणीत तर नावं वेगळ्या ओळीवर असल्यामुळे या एका पद्यओळीच्या सहा ब्रेल ओळी होतात. शेक्सपिअरच्या उत्तरार्धातल्या नाटकांत अशा वाटलेल्या ओळी पानोपानी आहेत.

ब्रेलमध्ये छापील पायरीची नक्कल करू नये. पंधराव्या किंवा एकविसाव्या सेलपासून सुरू होणारा तुकडा डावी कड धरून वाचणाऱ्याला सापडतच नाही, त्याला वाटतं ओळ रिकामी आहे. आम्ही पहिला तुकडा नेहमीसारखा तिसऱ्या सेलपासून आणि पुढचे सगळे तुकडे नवव्यापासून ठेवतो. सातव्यापासून ठेवून पाहायला हरकत नाही, पण उरलेला भाग पाचव्याला असताना पाच आणि सात यांत बोट गडबडतं. क्रमांक छापील प्रतीत ज्या तुकड्यासमोर असेल त्याच तुकड्यासमोर.

रंगसूचना मोजायच्या नाहीत. ध्रुपद परत येतं तेव्हा छापील प्रतीने ते मोजलं असेल तरच मोजायचं.

म्हणून आपण मोजूच नये. छापील पुस्तक शेजारी उघडं ठेवा आणि त्यातला प्रत्येक क्रमांक त्याच्या ओळीसमोर हाताने घाला. दर पाचव्या ओळीला क्रमांक असेल तर शंभर ओळींच्या प्रवेशात वीस आकडे, काम फार नाही. छापणाऱ्यानेच मोजण्यात चूक केली असेल तर? ती तशीच ठेवा. वर्ग त्याच चुकीच्या आकड्याने चालणार आहे. ब्रेलब्लास्टर हे अमेरिकन प्रिंटिंग हाउस फॉर द ब्लाइंडचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात कवितेच्या ओळक्रमांकांची सोय आहे. इंग्रजी नाटकाला जरूर वापरा, पण आकडा कुठला हे तिथेही पुस्तक बघूनच सांगा.

मध्येच गद्य आलं तर प्रकरण वेगळं होतं. शेक्सपिअरमध्ये विदूषक, द्वारपाल, नोकर बऱ्याचदा गद्यात बोलतात आणि त्या गद्यालाही क्रमांक असतात. गद्याची ओळ कुठे तुटते ते छापील पानाच्या रुंदीवर ठरतं, त्यामुळे दोन आवृत्त्यांचे आकडे जुळत नाहीत, आणि गद्यानंतरच्या पद्याचेही मग जुळत नाहीत. वर्गात कुठली आवृत्ती आहे हे काम सुरू करण्याआधी विचारा आणि ब्रेल प्रतीच्या पहिल्या पानावर प्रकाशक आणि वर्ष लिहा. गद्यातली क्रमांकाची ओळ ज्या ब्रेल ओळीत सुरू होते तिच्यासमोर आकडा घाला, आणि नेमक्या सुरुवातीच्या जागी शब्दांमध्ये एकाऐवजी तीन मोकळे सेल सोडा.

पानक्रमांकाशी टक्कर

पानाच्या पहिल्या किंवा शेवटच्या ओळीवर उजवीकडे पानाचा आकडा असतो, आणि नेमक्या त्याच ओळीवर ओळक्रमांक आला की दोन आकडे शेजारी. कुठला पानाचा, कुठला ओळीचा? इतर पुस्तकांत पानक्रमांकाच्या ओळीवर मजकूर चालवून कागद वाचवतात, इथे तो मोह टाळावा. 25 ओळींच्या पानात वरची आणि खालची ओळ पानक्रमांकांना सोडून द्या, मजकूर मधल्या 23 ओळींत.

छपाईआधीची तपासणी

ब्रेल फाइल समान रुंदीच्या फाँटमध्ये उघडा. 40 सेलच्या पानावर 35 आणि 36 हे दोन स्तंभ, पानक्रमांकाच्या ओळी सोडल्या तर, फाइलभर कोरे हवेत. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ऑल्ट दाबून माउसने तो उभा पट्टा निवडता येतो. त्यात एकही चिन्ह सापडलं तर तिथे मजकूर घुसलाय. ही तपासणी ब्रेल न येणारा माणूससुद्धा मिनिटभरात करतो, आणि वरचा "येणे"चा दोष हमखास पकडायला हीच उपयोगी पडते. फाइलमध्ये अंकचिन्ह शोधून भागत नाही, कारण प्रत्येक "ण" त्यात सापडतो आणि मराठीत "ण" काही थोडे नाहीत.

त्यानंतर कच्ची छपाई ब्रेल वाचणाऱ्याकडे द्या. नाटक वाचायला सांगू नका, फक्त उजवी कड वरून खाली वाचून आकडे मोठ्याने म्हणायला सांगा. पाच, दहा, पंधरा हा ठेका चुकला की ऐकणाऱ्यालाही कळतं.

जून ते सप्टेंबर या तपासणीला जास्त वेळ ठेवा. आपल्या पावसात ब्रेलचा जाड कागदही दमट होतो, ठिपका उथळ उमटतो आणि हाताळून लवकर बसतो. मजकुरात एखादा ठिपका गेला तर संदर्भाने कळतो, आकड्यात कळायला काही आधार नाही: 5 म्हणजे 1 आणि 5 हे दोन ठिपके, त्यातला पाचवा गेला की उरतो 1, आणि 15 चा 11 होतो. कागदाचा गठ्ठा प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा, लागेल तेवढाच काढा. चवथीच्या आधी प्रत हवी असा निरोप आला तर तो कागद आधी पंख्याखाली सुकवून घ्या.

परवानगीचं मध्येच कोणीतरी विचारतं म्हणून: कॉपीराइट कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग वाचकांसाठी सुगम स्वरूपातली प्रत करायला मुभा दिलेली आहे. ना नफा तत्त्वावर काम चालू असेल तर प्रकाशकाच्या पत्राची वाट बघत सत्र घालवायचं कारण नाही.

वाचणाऱ्याला मात्र ही सगळी मांडणी आधी सांगायला हवी. आम्ही पात्रयादीच्या आधी अशी टीप घालतो, हवी तर उचला:

"या प्रतीत पात्राचं नाव पहिल्या सेलपासून आहे. पद्यओळ तिसऱ्या सेलपासून, तिचा उरलेला भाग पाचव्या सेलपासून. एकच ओळ दोन किंवा अधिक पात्रं वाटून म्हणतात तिथे पहिल्यानंतरचे तुकडे नवव्या सेलपासून आहेत. ओळक्रमांक छापील आवृत्तीप्रमाणे, उजव्या कडेला, दोन मोकळ्या सेलनंतर आहेत. प्रत्येक पानाच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीवरचा आकडा पानाचा आहे."